निळी गोळी, सहामाही सुई

टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची मिळून एक निळी गोळी तयार होते. दिवसातून एकदा घ्यायची. एचआयव्ही झालेला नाही अशा माणसाने ती नेमाने घेतली, तर विषाणू शरीरात शिरला तरी त्याला तिथे मूळ धरता येत नाही. केनिया आणि युगांडा इथल्या ४,७४७ जोडप्यांवर औषधाची मोठी चाचणी झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. ज्यांना ही निळी गोळी मिळाली त्यांच्यात नवी लागण ७५ टक्क्यांनी घटली. साधारण त्याच वर्षांत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या ५,०२९ स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची दुसरी चाचणी चालली होती. तिथे तीच गोळी काहीही उपयोगाची ठरली नाही. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात जितकी लागण झाली, जवळपास तितकीच खऱ्या गोळीच्या गटातही झाली.

औषध तेच होते आणि विषाणूही तोच होता. व्हॉइसमधल्या स्त्रियांना विचारले की ‘गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या’ असे उत्तर ९० टक्के वेळा येई. परत आणलेल्या गोळ्या मोजल्या तरी हिशेब ८६ टक्क्यांपर्यंत जुळे. रक्त तपासले तेव्हा मात्र १०० नमुन्यांपैकी ३० मध्येसुद्धा औषध सापडले नाही. नंतर संशोधक या स्त्रियांशी निवांत बोलले आणि त्यांच्या अडचणी बाहेर आल्या. घरात गोळ्यांची बाटली दिसली तर हिलाच एचआयव्ही आहे असे लोक समजतील, ही एक भीती. जोडीदार संशय घेईल, ही दुसरी. आपण धडधाकट असताना रोज औषध का घ्यायचे, हा प्रश्न तर होताच. केनिया-युगांडातल्या जोडप्यांचे तसे नव्हते. घरातल्या एकाचा आजार दोघांनाही ठाऊक होता आणि गोळी दोघांच्या संमतीने घरात आली होती.

लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांवर आज प्रतिबंधक औषधे आणि लसी बऱ्याच आहेत. त्यांची तुलना बहुतेक ठिकाणी टक्केवारीच्या तक्त्याने केली जाते. मला तो तक्ता अपुरा वाटतो. औषध किती चांगले आहे, या प्रश्नाइतकाच ते कोणाला, कोणाच्या नकळत आणि किती दिवस घेता येईल, हा प्रश्न मोलाचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले की पहिल्याचे उत्तर कितीही चांगले असो, माणसाला लागण होतेच.

निळ्या गोळीचीच गोष्ट पुढे नेऊ. संसर्ग होण्याआधी घ्यायच्या या पद्धतीला आता सगळीकडे ‘प्रेप’ म्हणतात. २०१० साली सहा देशांतल्या २,४९९ समलिंगी पुरुषांवर आणि ट्रान्सजेंडर स्त्रियांवर झालेल्या आयप्रेक्स चाचणीने ती पहिल्यांदा जगापुढे आणली. एकूण गटात संरक्षण ४४ टक्के दिसले. ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले त्यांच्यात लागणीचा धोका ९२ टक्क्यांनी कमी होता. वर्तमानपत्रांत ४४ हा आकडा छापून आला आणि अनेकांनी गोळी कुचकामी ठरवली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तिला प्रतिबंधासाठी मंजुरी दिली, ती दुसरा आकडाही वाचून.

आपल्या देशातला अनुभव या बाबतीत फार बोलका आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. कोलकात्याच्या सोनागाछीत दरबार महिला समन्वय समिती आणि म्हैसूरमध्ये अशोदया समिती या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटना आहेत. दोन्ही ठिकाणी काहीशे स्त्रियांना प्रेपची गोळी देऊन पाहण्यात आली. गोळीबद्दल समजावून सांगणाऱ्या, घरी येऊन विचारपूस करणाऱ्या, मळमळ झाली तर धीर देणाऱ्या स्त्रिया त्याच वस्तीतल्या होत्या. बहुतेकींनी गोळी टिकवून धरली आणि दोन्ही प्रकल्पांत एकीलाही नव्याने एचआयव्हीची लागण झाली नाही. स्त्रिया गोळी घेत नाहीत, असा व्हॉइसचा अर्थ लावणाऱ्यांनी हे दोन प्रकल्प जरूर पाहावेत. इथे गोळी लपवून घ्यावी लागत नव्हती, हा फरक होता.

शरीराच्या रचनेचाही भाग आहे. टेनोफोव्हिर गुदमार्गाच्या ऊतींमध्ये लवकर आणि भरपूर साठते, योनीमार्गाच्या ऊतींमध्ये त्या मानाने कमी. त्यामुळे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना रोजच्या गोळीऐवजी गरजेपुरती गोळी घेण्याची मुभा आहे: संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. फ्रान्स आणि कॅनडातल्या इपरगे चाचणीत या पद्धतीने लागण ८६ टक्क्यांनी कमी झाली. स्त्रियांना ही सवलत नाही. त्यांना गोळी रोजच घ्यावी लागते आणि एखाददुसरा दिवस चुकला तर राखीव साठा कमी असतो. म्हणजे जिला गोळी घेणे घरात सगळ्यांत अवघड, तिच्याकडूनच हे औषध सगळ्यांत कडक शिस्त मागते.

प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी करावीच लागते आणि पुढे दर तीन महिन्यांनी. लागण आधीच झालेली असेल तर ही दोन औषधे उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना सरावतो. मूत्रपिंडाचे काम तपासावे लागते, कारण टेनोफोव्हिरचा थोडा भार त्यावर पडतो. हेपॅटायटिस-बीची तपासणी बऱ्याचदा राहून जाते. टेनोफोव्हिर हे त्या विषाणूवरचेही औषध आहे. यकृतात हेपॅटायटिस-बी दडून बसला असेल तर गोळी चालू असेपर्यंत तो दबलेला राहतो आणि गोळी एकदम बंद केली की उसळतो. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून गोळी सुरू करणे आणि मनाला येईल तेव्हा थांबवणे, दोन्ही धोक्याचे आहे.

रोजची गोळी हाच अडथळा असेल तर गोळीच काढून टाकावी, या विचारातून इंजेक्शने आली. कॅबोटेग्राव्हिर दर दोन महिन्यांनी कमरेखालच्या स्नायूत टोचतात. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आफ्रिकेतल्या ३,२२४ स्त्रियांवरील चाचणीत निळ्या गोळीच्या गटात ३६ जणींना लागण झाली, इंजेक्शनच्या गटात फक्त चौघींना.

आणि मग लेनाकापाव्हिर आले. एचआयव्हीची जनुकीय सामग्री एका प्रथिनाच्या कवचात बंद असते. पेशीत शिरताना, केंद्रकापर्यंत जाताना आणि नवे विषाणू तयार होताना, अशा प्रत्येक टप्प्यावर या कवचाला योग्य वेळी उघडावे आणि जुळावे लागते. लेनाकापाव्हिर त्या कवचालाच चिकटते आणि हे सगळेच टप्पे बिघडवते. शिवाय ते शरीरात इतके सावकाश विरघळते की पोटाच्या त्वचेखाली दिलेली मात्रा सहा महिने पुरते. सुरुवातीला दोन दिवस सोबत गोळ्या घ्याव्या लागतात, नंतर वर्षातून दोनदा सुई. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या १६ ते २५ वयाच्या मुलींवर ‘पर्पज-१’ ही चाचणी झाली. लेनाकापाव्हिर मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. टेनोफोव्हिरच्या नव्या रूपाची गोळी मिळालेल्या २,१३६ जणींपैकी ३९ जणींना झाला, जुन्या निळ्या गोळीच्या १,०६८ जणींच्या गटात १६ जणींना. जुलै २०२४ मध्ये म्युनिकच्या जागतिक एड्स परिषदेत डॉ. लिंडा-गेल बेकर यांनी हे निष्कर्ष मांडले तेव्हा सभागृह उभे राहिले. चाळीस वर्षे या आजाराशी झुंजणाऱ्या लोकांसमोर इतक्या मोठ्या चाचणीतून पहिल्यांदा शून्य हा आकडा आला होता. पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींवरच्या दुसऱ्या चाचणीत २,१७९ जणांपैकी दोघांनाच लागण झाली.

पर्पज-१ मध्ये गोळी हरली ती बहुतांशी घेतली न गेल्यामुळेच. गोळ्या दिलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या रक्तात औषध पुरेसे नव्हते. सहा महिन्यांची सुई घरी न्यावी लागत नाही, उशाखाली लपवावी लागत नाही, विसरता येत नाही. माझ्या मते तिच्या यशातला निम्मा वाटा रसायनशास्त्राचा असेल, तर निम्मा या गोष्टीचा.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि वर्षाची छापील किंमत ठेवली गेली २८,२१८ डॉलर. हा आकडा वाचून २००१ सालची आठवण येणे साहजिक आहे. तेव्हा एड्सवरच्या उपचाराला श्रीमंत देशांत वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागत आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तिथून किमतींचे गणित बदलले. या वेळी मूळ कंपनीने २०२४ मध्येच सहा उत्पादकांना १२० गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी लेनाकापाव्हिर बनवण्याचा परवाना दिला. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, पुण्याची एम्क्युअरही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबादच्या या दोन्ही कंपन्यांबाबत करार जाहीर झाले: २०२७ पासून माणशी वर्षाला साधारण ४० डॉलर. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये या औषधाची शिफारस केली. आता सरकारांनी ते विकत घेऊन वस्तीपर्यंत पोहोचवायचे आहे आणि याबाबतीत उशिराला काहीही सबब चालू नये असे मला मनापासून वाटते.

दोन सावधगिऱ्या मात्र आपल्या देशात ठळकपणे सांगायला हव्यात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे औषध यकृतातली औषधांचे विघटन करणारी यंत्रणा इतकी वेगवान करते की लेनाकापाव्हिर आणि कॅबोटेग्राव्हिर दोन्ही रक्तातून लवकर नाहीसे होतात. कॅबोटेग्राव्हिर तर रिफाम्पिसिनसोबत देतच नाहीत, लेनाकापाव्हिरच्या जादा मात्रा द्याव्या लागतात. जुन्या निळ्या गोळीला ही अडचण नाही. भारतात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत, तेव्हा स्वस्त गोळी अडगळीत टाकण्याची घाई नको. दुसरे म्हणजे इंजेक्शन थांबवल्यावर औषध पुढे कित्येक महिने अंगात राहते, पण अपुऱ्या प्रमाणात. त्या काळात लागण झाली तर विषाणू त्या औषधाला निर्ढावण्याची भीती असते. म्हणून सुई थांबवायची असेल आणि धोका कायम असेल, तर लगेच दुसरा उपाय सुरू करावा लागतो.

डॅपिव्हिरीनची रिंग हा आणखी एक पर्याय. सिलिकॉनचे लवचीक कडे स्त्रीने स्वतः योनीत बसवायचे, महिनाभर ठेवायचे. मोठ्या चाचण्यांत संरक्षण ३० टक्क्यांच्या आसपास आणि २१ वर्षांखालच्या मुलींमध्ये जवळपास नाहीच. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिला स्थान दिले, कारण ती कोणालाही न सांगता वापरता येते.

हे सगळे आधीचे उपाय. प्रसंग घडून गेल्यावरही ७२ तासांची एक खिडकी उघडी असते. निरोध फाटला, जबरदस्ती झाली, रुग्णालयात वापरलेली सुई टोचली गेली, तर तीन औषधांचा २८ दिवसांचा कोर्स घ्यायचा. त्याला ‘पेप’ म्हणतात. भारतात सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डॉल्युटेग्राव्हिर या तिन्हींची मिळून एक गोळी रोज देतात. विषाणू आत शिरल्यावर त्वचेच्या किंवा श्लेष्मल पडद्याच्या ठिकाणाहून लसीकाग्रंथींपर्यंत जायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात औषध पोहोचले तर तो शरीरात वस्ती करू शकत नाही. म्हणून ७२ तास ही शेवटची मर्यादा समजावी. पहिल्या काही तासांत सुरुवात केली तर उत्तम. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना एकट्या झिडोव्ह्युडिननेही ८१ टक्के संरक्षण दिलेले आढळले होते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर विनामूल्य प्राथमिक उपचार करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पेपबद्दल डॉक्टर आपणहून बोलले नाहीत, तर सोबतच्या माणसाने विचारावे. पोलिसांचा कागद येईपर्यंत थांबण्यात हे तास वाया घालवू नयेत.

आता एचआयव्ही सोडून बाकीच्या आजारांकडे येऊ. आपल्याकडे ज्यांना गरमी आणि परमा म्हणतात ते सिफिलिस आणि गनोरिया, आणि त्यांच्यापेक्षा गाजावाजा न करता वाढणारा क्लॅमिडिया. हे जिवाणूंचे आजार. त्यांना आधीच अडवण्याची धडपड फार जुनी आहे. १९०६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली मेचनिकॉफ आणि एमिल रू यांनी पाऱ्याच्या कॅलोमेल मलमाचा प्रयोग केला. पॉल मेझोनव्ह नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सिफिलिसचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले आणि तासाभराने त्यावर हे मलम चोळले. त्याला आजार झाला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अशाच मलमांची केंद्रे उघडली. आज तो मान डॉक्सिसायक्लिन या अगदी साध्या प्रतिजैविकाला मिळाला आहे.

मुंबईकराला हे औषध चांगले माहीत असते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे महापालिका दरवर्षी सांगते. लेप्टोचा जिवाणू आणि सिफिलिसचा जिवाणू दोन्ही मळसूत्राच्या आकाराचे, एकाच मोठ्या कुळातले. सिफिलिसचा जिवाणू तर इतका सावकाश वाढतो की त्याला दुप्पट व्हायला ३० तासांच्या आसपास लागतात. संबंधानंतर ७२ तासांत २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतली तर त्याला वेळेत गाठता येते. सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलमध्ये झालेली ‘डॉक्सी-पेप’ चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया यांच्यात सिफिलिस, क्लॅमिडिया आणि गनोरिया मिळून सुमारे दोन तृतीयांशाने घटले. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०२२ मध्येच हा सल्ला द्यायला सुरुवात केली होती. पुढे तिथे क्लॅमिडिया आणि सुरुवातीचा सिफिलिस अपेक्षेपेक्षा निम्म्यावर आला. गनोरिया मात्र हटला नाही.

गनोरियाचे असेच आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावरील १,०८० पुरुषांवर, ते बंदरातून परतल्यावर, डॉक्सिसायक्लिनच्या जातीतलेच मिनोसायक्लिन वापरून पाहिले होते. औषधाला दबणारे जंतू नाहीसे झाले, न दबणारे शिल्लक राहिले. हा जंतू आपल्या शेजाऱ्यांकडून जनुके सहज उचलतो आणि सल्फापासून पेनिसिलिनपर्यंत एकेक औषध त्याने पचवले आहे. पॅरिसमधल्या अभ्यासांतही गनोरियावर डॉक्सिसायक्लिनचा परिणाम थोडाच दिसला.

स्त्रियांच्या बाबतीत निराशा पदरी आली. केनियातल्या किसुमू इथे ४४९ तरुण स्त्रियांवर चाचणी झाली. संसर्ग घटले नाहीत. कारण शोधण्यासाठी त्यांचे केस तपासले, कारण औषधाचा माग केसांत राहतो. डॉक्सी मिळालेल्या गटातल्या नमुन्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांतच औषध सापडले. स्त्रियांच्या शरीरात डॉक्सी काम करत नाही असे यातून म्हणता येत नाही. ते बहुतेकदा पोटात गेलेच नाही, एवढेच म्हणता येते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये ही शिफारस मर्यादित ठेवली: पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया, ज्यांना गेल्या वर्षभरात असा एखादा जिवाणूसंसर्ग होऊन गेला आहे, त्यांनाच, तेही डॉक्टरशी बोलून. मला ही मर्यादा योग्य वाटते आणि आपल्याकडे ती आणखी काटेकोर हवी. इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळते. प्रत्येक संबंधानंतर डॉक्सी, असा शिरस्ता पडला तर त्याची किंमत आतड्यातले आणि त्वचेवरचे इतर जंतूही निर्ढावून वसूल करतील. गरोदरपणात हे औषध टाळतात. ज्यांना डॉक्टर देतील त्यांनी ते पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेला चिकटून जखम करते. दूध किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतले तर ते नीट शोषले जात नाही, आणि औषध चालू असताना त्वचा उन्हाने लवकर भाजते.

लसींमध्ये सगळ्यांत मोठी गोष्ट एचपीव्हीची, आणि तिचा एक धागा थेट बार्शीपर्यंत येतो. एचपीव्ही हा लैंगिक संपर्कातून पसरणारा विषाणू. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण होतात. भारतात या कर्करोगाच्या दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण स्त्रिया आढळतात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ गावांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळले.

त्याच वर्षी लसीची मोठी भारतीय चाचणी सुरू झाली. बार्शी, पुणे आणि मुंबई ही तिच्या केंद्रांपैकी तीन. १० ते १८ वर्षांच्या २० हजार मुलींना दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहायचे होते. त्या सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये एचपीव्ही लसीचा एक वेगळाच प्रकल्प चालला होता. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध जोडता आला नाही, पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. संताप योग्यच होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातल्या सगळ्याच एचपीव्ही चाचण्या थांबवल्या. या चाचणीतल्या सुमारे पाच हजार मुलींचा त्यामुळे एकच डोस झाला, पुढचे राहून गेले. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षे त्यांची तपासणी करत राहिले. दहा वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हा १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून संरक्षण एका डोसने ९५.४ टक्के, दोनने ९३.१ आणि तीनने ९३.३ टक्के आढळले. म्हणजे तिन्ही सारखेच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक डोसही चालेल असे म्हटले, त्यामागे केनियातल्या चाचणीबरोबर बार्शी-पुण्याच्या या मुलींचा पुरावा आहे. दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ ही पहिली भारतीय एचपीव्ही लस आणली आहे. गोळी, सुई, रिंग यांच्या रांगेत ही लस ठेवली तर तिला एकच अट दिसते: लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी ती मिळायला हवी. घरात ‘आपली मुलगी तशी नाही’ हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा ती वेळ निघून जात असते. कर्करोगाला मुलीच्या चारित्र्याशी देणेघेणे नसते.

हेपॅटायटिस-बीची लस राष्ट्रीय लसीकरणात २०११ पासून देशभर आहे. त्याआधी जन्मलेल्या प्रौढांनी आपली लस झाली आहे का, हे स्वतः पाहावे. झाली नसेल तर सहा महिन्यांत तीन डोस. गनोरियावर स्वतःची लस अजून नाही, पण मेनिंजायटिस-बीची लस त्याच्या चुलत जंतूवरची असल्यामुळे ३० ते ४० टक्के संरक्षण देते असा अंदाज आहे आणि इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून जास्त धोका असलेल्या समलिंगी पुरुषांना ती द्यायला सुरुवात केली. फ्रान्समधल्या नियंत्रित चाचणीत तिचा ठोस फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवे. जननेंद्रियांवरचा हर्पिस ज्याला आहे त्याने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतले तर जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी होते.

या शेवटच्या उदाहरणात औषध आजारी माणूस घेतो आणि वाचतो दुसरा. एचआयव्हीत हीच युक्ती सर्वांत प्रभावी ठरली. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या एचपीटीएन-०५२ या चाचणीत पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे या चाचणीने २०११ मध्ये दाखवले. औषधाने रक्तातला विषाणू चाचणीला सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जोडपी अजूनही भीतीने एकमेकांपासून दूर राहतात. निरोधाची जागा मात्र यांतले कोणतेही औषध घेत नाही. प्रेप फक्त एचआयव्हीला अडवते, डॉक्सी फक्त काही जिवाणूंना. निरोध त्या सगळ्यांना कमी-अधिक अडवतो आणि गर्भधारणाही टाळतो.

ज्याला यातले काही हवे आहे त्याने सुरुवात चाचणीपासून करावी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळते, सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी आणि उपचार, आणि १०९७ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. डॉक्टरला चार गोष्टी खऱ्या सांगाव्यात: संबंध स्त्रीशी की पुरुषाशी की दोघांशी, मागच्या वर्षात कोणता संसर्ग झाला, क्षयाचे औषध चालू आहे का, आणि रोजची गोळी घरी ठेवता येईल का. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, निकाल तुमच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही आणि त्यावरून नोकरी, शिक्षण किंवा उपचार नाकारता येत नाहीत.